दू फू हा चिनी कवी नुसता रडका आहे का?

तुम्ही विचारलंय की दू फूच्या चारपाच कविता इंग्रजीतून वाचल्या, सगळीकडे आजारपण, गरिबी आणि रडणं, मग चिनी लोक त्याला ली बाईच्या (हा त्याच काळातला दुसरा मोठा चिनी कवी) बरोबरीने का बसवतात, ‘कवींमधला संत’ वगैरे का म्हणतात. मलाही सुरुवातीला अगदी हेच वाटलेलं. चिनी मला पण येत नाही, भाषांतरांवरच वाचलाय, पण गेली काही वर्षं सारखा वाचतोय म्हणून लिहितो.

रडतो हे खरंच आहे. पण रडता रडता तो कुणाकडे बघतो ते बघा.

755 सालचा हिवाळा. दू फू 43 वर्षांचा, सरकारी परीक्षेत दोनदा नापास झालेला, राजधानी छांगआनमध्ये वर्षानुवर्षं खेटे घालून आत्ता कुठे एक किरकोळ नोकरी लागलेली. बायकोमुलांना भेटायला रात्रीच निघतो, थंडी इतकी की बोटं आखडल्यामुळे कमरेचा तुटलेला पट्टा बांधता येत नाही. वाटेत डोंगरावर बादशहाचा दरबार गरम पाण्याच्या झऱ्यांवर मजेत बसलाय. या प्रवासावरच्या कवितेत इथेच त्याची ती सगळ्यात प्रसिद्ध ओळ येते, की श्रीमंतांच्या लाल दरवाज्यांच्या आत दारू आणि मांस कुजतंय आणि बाहेर रस्त्यावर गारठून मेलेल्यांची हाडं पडलीत. आणि मग घरी पोचतो तर रडारड चालू आहे, तान्हा मुलगा उपासमारीने गेलाय.

आता इथे दुसरा कुणी असता तर कविता मुलावरच संपली असती ना, आणि कुणी काही म्हटलंही नसतं. दू फू स्वतःला बाप म्हणवून घ्यायची लाज वाटते म्हणतो आणि लगेच म्हणतो की मला तर कर माफ आहे, सैन्यातली सक्तीची भरती पण नाही, तरी माझी ही गत, मग ज्यांची जमीन गेली त्यांचं काय, लांब सीमेवर पाठवलेल्या सैनिकांचं काय! मुलगा गेल्याचं कळल्यावर हा माणूस हा विचार करतो. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून होतो.

त्याच हिवाळ्यात आन लूशान या सेनापतीचं बादशहाविरुद्ध बंड झालं आणि त्याचं उरलेलं आयुष्य पळापळीत गेलं, ते सगळं इथे सांगत बसत नाही. पण 759 ची शीहाव गावची कविता मिळवून वाचाच. रात्री भरतीचे अंमलदार माणसं धरायला येतात, म्हातारा भिंतीवरून उडी मारून पळतो, म्हातारी दारात जाऊन सांगते की तिन्ही पोरं लढाईवर गेली, त्यातली दोन मेली, घरात अंगावर पितं नातवंड आणि त्याची आई, तिला बाहेर यायला धड कपडा नाही, तेव्हा मलाच न्या, सकाळचा स्वयंपाक तरी करून घालीन. दू फू तिथे मुक्कामाला आहे, सगळं ऐकतोय, आणि कवितेत स्वतःचं मत म्हणून एक शब्दही घालत नाही. पहाटे निघताना निरोप घ्यायला म्हातारा एकटाच उरलेला असतो. बस, संपली कविता. यात रडगाणं कुठे आहे सांगा.

अजून एक. त्याच्या बऱ्याच कविता आठ ओळींच्या, ओळीत मोजून पाच किंवा सात अक्षरं, आणि ओळींच्या मधल्या जोड्यांमध्ये शब्दासमोर शब्द तोलून ठेवलेला. बंडखोरांच्या ताब्यातल्या छांगआनमध्ये अडकलेला असताना लिहिलेली ओळ आपल्याकडे आणायची तर अशी काहीतरी होईल: देश मोडला, डोंगर-नद्या आहेत, शहरात वसंत, गवत-झाडी दाट. इंग्रजीत हे पसरट होतं, बांधणी सुटते आणि हातात नुसते अश्रू राहतात. तुम्हाला तो रडका वाटला त्यात याचा मोठा भाग असणार असं मला वाटतं.

ली बाई मला पण आवडतो, दोघं 744 मध्ये भेटले आणि दू फू त्याच्यावर पुढे कितीतरी कविता लिहीत राहिला. पण मन लागत नसेल तेव्हा मी दू फूच काढतो, आणि त्यातही बोरांची ती छोटी कविता. म्हातारपणी तो यांगत्सी नदीकाठच्या ख्वेचौ गावी होता, फुप्फुसं खराब, एक कान गेलेला. शेजारची एक एकटी बाई त्याच्या अंगणातल्या झाडाची बोरं झोडपून न्यायची, हा तिला नेऊ द्यायचा. मग घर एका नातेवाईकाला राहायला दिलं तर त्याने कुंपण घातलं. दू फू त्याला कवितेतच पत्र लिहितो, की तिला खायला नाही, मूलबाळ नाही, अगदीच नडली नसती तर ती आली असती का? तिला आधीच भीती वाटते, म्हणून तर आपण जास्त आपुलकीने वागायचं. तुझा हेतू वाईट नसेल, पण कुंपण बघून तिला वाटेल की तू खरंच मनाई केलीस. ती मला सांगत होती, करापायी काही शिल्लक राहिलं नाही. आणि शेवटच्या ओळीत, युद्धाचा विचार करता करता, तो परत रडतो.