खेड्यातील शाळांत मुलांची अपंगत्व तपासणी कधी होते आणि काही आढळल्यास पालकांनी काय करावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येणे अपेक्षित असते. 2013 पासूनची ही योजना चांगलीच आहे. परंतु जी तपासणी शाळेच्या शौचालयापर्यंत जात नाही, ती अर्धीच होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोव्यातील सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या भाचीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा न राहणे) आहे. तिचे निदान वेळेत झाले, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, वर्गापर्यंत रॅम्पही बांधला गेला. शौचालय मात्र इमारतीच्या मागे, चिऱ्याच्या दोन पायऱ्या चढून. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, दार आत उघडत असल्याने कुबड्या घेऊन आत वळता येत नाही आणि उकिडवे बसताना धरायला भिंतीवर एक दांडासुद्धा नव्हता. सकाळी घरून भरून नेलेली पाण्याची बाटली ती संध्याकाळी तशीच परत आणू लागली, तेव्हा माझ्या बहिणीला शंका आली. पुढे मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, शाळा बुडू लागली, आणि शाळेत विचारले तर उत्तर मिळाले, "ती काही तक्रार करत नाही. शिवाय एकाच मुलीसाठी बांधकाम कसे काढणार?" आठ-नऊ वर्षांच्या मुलीने सगळ्यांसमोर लघवीची तक्रार करावी, ही अपेक्षाच मला संतापजनक वाटते. घरातील काही वडीलधाऱ्यांनीही तिला घरीच ठेवण्याचा सल्ला दिला. तो सल्ला तेव्हाही चूक होता आणि आजही चूकच आहे.

म्हणून पथकाने पुढील तपासणीची चिठ्ठी दिली की जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (पथकाने पाठवलेल्या मुलांची पुढील तपासणी होते तिथे) जाच, पण त्याच आठवड्यात शाळेचे शौचालय स्वतः पाहून या. रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा (एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी) तीव्र नसावा, दार किमान 900 मिलिमीटर रुंद व बाहेर उघडणारे असावे, आत आधाराचे दांडे असावेत. सगळ्याच शाळांत अशी गैरसोय नसते, हेही खरे; आणि पथक केवळ प्राथमिक चाळणी करते, निदान तज्ज्ञ डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. त्रुटी दिसल्यास मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती या दोघांनाही लेखी अर्ज द्या व पोच घ्या. "एकाच मुलासाठी कशाला?" असे कोणी विचारलेच, तर शाळेची इमारत व सोयी दिव्यांग मुलांना वापरता येतील अशा करायला सांगणाऱ्या, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये मुलांच्या संख्येची कोणतीही अट नाही, हे त्यांना लेखीच कळवा.