‘तुझ्यानंतर कोण येणार?’

गेल्या अंकात मी उगांडातल्या मुकोनो गावाजवळच्या एका बालगृहात काढलेल्या अकरा महिन्यांविषयी थोडं लिहिलं होतं. तेव्हा मी २३ वर्षांची होते, आमच्या चर्चच्या तरुण संघाने मला पाठवलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेते. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे. त्या वयात हेच पत्र मीही लिहिलं असतं.

प्रश्न : ताई, सलाम. मी २२ वर्षांची आहे. परीक्षा संपली की परदेशातल्या एका अनाथालयात तीन महिने सेवेला जायचं मनात आहे. प्रभूने हे ओझं माझ्यावर घातलंय असं वाटतं. मुलांना भरभरून प्रेम द्यायचंय. काय तयारी करू?

तुझं ओझं खरं आहे. ते खाली ठेव असं मी सांगणार नाही. पण ‘भरभरून प्रेम’ या शब्दांपाशी मी अडखळले.

मी पोहोचले त्या दुपारी फाटकातून आत पाऊल टाकलं आणि सात-आठ मुलं पळत येऊन बिलगली. सहा वर्षांचा एक मुलगा तर सरळ कडेवर चढला. देवाने मला योग्य जागी आणलं याची ही खूण, असं मी त्या रात्री वहीत लिहिलं. तो मुलगा मला एका वेगळ्याच नावाने हाक मारायचा. लुगांडा भाषेत ताईला तसं म्हणत असतील, असं मी आठवडाभर धरून चालले. मग स्वयंपाकघरात राजमा निवडताना तिथल्या आँटींनी, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या बाईंनी, सांगितलं, की ते माझ्याआधी आलेल्या मुलीचं नाव होतं. ती सहा आठवडे राहून गेली होती. तिच्याआधी आणखी एक होती. आँटी निवडता निवडताच म्हणाल्या, “घरात वाढलेलं मूल अनोळखी माणूस दिसला की आधी आईच्या मागे लपतं.”

पुढे वाचन केल्यावर कळलं, की मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये उगांडाची राजधानी कंपालाच्याच आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन तान्ह्या मुलांचं निरीक्षण केलं होतं. रांगतं मूल आईपासून दूर जातं, ती आहे ना हे वळून बघतं, पुन्हा पुढे सरकतं, आणि घाबरलं की तिच्याकडेच परत येतं. मुकोनो तिथून जवळच. आमच्याकडे चाळीस मुलांमागे तीन आँटी होत्या. वळून बघायला ज्यांना एक ठरलेलं माणूस नव्हतं, ती मुलं कुणाच्याही मांडीवर बसत होती. त्यात माझं असं काही नव्हतं.

आणि आँटींचं ऐकल्यानंतरही मी चुकले. त्या सहा वर्षांच्या मुलाला रात्री झोपवायला मीच जायची. आँटी जवळ आल्या की तो रडायचा, आणि मला आत कुठेतरी बरं वाटायचं. हे लिहिताना आजही हात जड होतो.

तिसऱ्या महिन्यात संस्थेच्या समाजसेविका मला त्याच्या गावी घेऊन गेल्या. टॅक्सीने तासभर (तिथे चौदा जणांच्या व्हॅनला टॅक्सी म्हणतात), पुढे तांबड्या मातीच्या रस्त्याने बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर. तिथे त्याची आजी होती. तिकडे आजीला ज्जाज्जा म्हणतात. ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. बुगांडात, म्हणजे उगांडाच्या त्या भागात, बायका पाहुण्यांचं स्वागत तशाच करतात. ती पुन्हा पुन्हा ‘वेबाले, वेबाले’ म्हणत राहिली, म्हणजे धन्यवाद. साठीच्या पुढची बाई, आणि मी २३ वर्षांची. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मुलाची आई वारली होती, बापाचा पत्ता नव्हता. उगांडात १९९७ पासून सरकारी प्राथमिक शाळेत फी नाही, पण गणवेश, वह्या, दुपारचं जेवण यांना पैसे लागतात. आजीकडे तेवढे नव्हते. कुणीतरी तिला म्हणालं, बालगृहात ठेवलंस तर शिकेल तरी. म्हणून तिने त्याला पाठवलं होतं. मी ज्याला ‘अनाथ’ म्हणून कडेवर घेऊन हिंडत होते, त्याच्यासाठी ही बाई रोज रात्री नाव घेऊन प्रार्थना करत होती.

हे एकाच घरचं नाही. कंबोडियाबाबत २०११ मध्ये सरकार आणि युनिसेफ यांच्या अभ्यासात दिसलं, की अनाथालयातल्या चार मुलांपैकी जवळजवळ तिघांची आई किंवा वडील हयात आहेत. केवळ गरिबी हे मुलाला घरापासून तोडण्याचं कारण असता कामा नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे. आणि अनाथालयांतल्या स्वयंसेवेतून होणाऱ्या अपायाकडे लक्ष द्या, असं डिसेंबर २०१९ मध्ये आमसभेने सगळ्या देशांना सांगितलं.

त्या रात्री मी बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं १:२७ पुन्हा उघडलं. संडे स्कूलपासून पाठ असलेलं वचन. त्यात अनाथ आणि विधवा जोडीने येतात. मला मात्र नेहमी पहिलाच शब्द ऐकू आला होता. जुन्या करारातला अनाथासाठीचा हिब्रू शब्द बाप नसलेल्या मुलाचा आहे. त्याची आई जिवंत असू शकते, आणि तीच विधवा. दोघं एकाच छपराखाली राहतात. आपण त्यातल्या एकाला उचलून आणतो, त्याच्यासोबत फोटो काढतो, आणि दुसरीला तिथेच सोडून येतो.

म्हणून माझं मत ऐक. तीन महिन्यांसाठी बालगृहात मुलांच्या जवळ राहायला जाऊ नकोस. जायचंच असेल तर जिथे मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात अशा ठिकाणी जा, शिक्षकांच्या हाताखाली काम कर. आणि संस्थेला आधीच विचार, की मुलांना घरी परत पाठवायचं काम तुमच्याकडे कोण करतं? उत्तर नसेल तर दुसरी संस्था शोध. मी उरलेल्या आठ महिन्यांत कपडे धुतले, मच्छरदाण्या शिवल्या, हिशेब लिहिले, समाजसेविकांच्या फायली टाइप केल्या. त्यामुळे आँटींना मुलांजवळ बसायला वेळ मिळू लागला. रडणारं मूल आँटींच्या हाती द्यायला मी शिकले. सगळ्यात अवघड तेच गेलं. सातव्या महिन्यात तो मुलगा आजीकडे परत गेला. गणवेशाचा आणि जेवणाचा खर्च संस्था देऊ लागली. त्याला बालगृहात ठेवण्यापेक्षा तो कमीच होता.

प्रश्न : तुमच्या लेखात सुवार्तेचा उल्लेख फारसा नाही. मुलांना ख्रिस्ताविषयी सांगायची इतकी चांगली संधी होती. ती तुम्ही का घेतली नाही?

उगांडात पहिले मिशनरी १८७७ मध्ये पोहोचले. १८८५ ते १८८७ या काळात राजाच्या हुकमाने तिथल्या तरुण विश्वासणाऱ्यांना ठार मारलं गेलं, आणि आजही दरवर्षी ३ जूनला नामुगोंगोला, त्यांच्या हौतात्म्याच्या जागी, लाखो लोक त्यांच्या स्मरणार्थ येतात, कित्येक जण दिवसेंदिवस पायी चालत. अशा देशात मी ख्रिस्त घेऊन गेले असं कसं म्हणू? प्रार्थना मीच तिथे शिकले, पहाटे पाचला उठून गाणाऱ्या आँटींकडून.

आमच्याकडे दोन भावंडं मुस्लिम घरातली होती. सुरुवातीला मला वाटायचं, यांना आपल्या गीतांत ओढावं. पण जे मूल माझ्या हातचं जेवतं, ते मला ‘नाही’ कसं म्हणणार? १९८९ च्या बालहक्क करारातलं विसावं कलम सांगतं, की घरापासून दूर असलेल्या मुलाची सोय करताना त्याचा धर्म, भाषा, संस्कृती यांचं सातत्य जपण्याकडे लक्ष द्यावं. आँटींनी हे कलम वाचलं नव्हतं. तरी रमझानमध्ये त्या दोघांसाठी सूर्यास्तानंतरचं जेवण त्या झाकून ठेवत. माझ्या डोळ्यांपुढे घडलेली सुवार्ता ती होती.

प्रश्न : माझा मुलगा पुढच्या वर्षी आफ्रिकेत जाणार आहे. आई म्हणून काळजी वाटते. काय काय बघून घ्यावं?

उगांडाला जात असेल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवावं लागतं. एकदा घेतली की आता ती जन्मभर ग्राह्य धरतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, आणि मच्छरदाणीचा कंटाळा करू नये. मी एकदा केला आणि आठ दिवस अंथरुणात काढले.

पण तुम्हाला आणखी एक बघायला सांगते. संस्था तुमच्या मुलाकडे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागते का? बंद खोलीत मुलासोबत एकट्याने राहायचं नाही, मुलांचे फोटो फोनवर काढायचे नाहीत, असे लेखी नियम देते का? काहीही न विचारता पैसे भरून घेऊन आत सोडणारी संस्था उद्या कुणालाही आत सोडेल. तिथे त्याला पाठवू नका.

प्रश्न : निघताना मुलांना काय सांगितलंत? अजून संपर्क आहे का?

आधीच्या मुली रात्रीच्या निघाल्या होत्या, मुलं झोपलेली असताना. रडारड नको म्हणून. सकाळी उठल्यावर मुलं ‘एन्क्या?’ असं विचारत राहायची, असं आँटी सांगत. एन्क्या म्हणजे उद्या.

मी तीस दिवस आधी एका बाटलीत राजम्याचे तीस दाणे मोजून टाकले. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकेका मुलाने एक दाणा काढायचा. बाटली खाली होईल त्या दिवशी मी जाणार. काही मुलं रागावली. एका मुलीने दाणा काढायला साफ नकार दिला, तेव्हा तिच्याऐवजी आँटींनी काढला. नऊ वर्षांच्या एकीने विचारलं, “तुझ्यानंतर कोण येणार?” मी संचालकांशी आधीच बोलले होते. परदेशी मुलगी बोलावण्याऐवजी गावातल्याच एका बाईंना पगारावर ठेवायचं ठरलं होतं, आणि त्या महिनाभर आधीपासून येऊ लागल्या होत्या. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. मुलीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, “ही किती दाण्यांची?” त्या बाई म्हणाल्या, “माझी बाटलीच नाही.”

मी दुपारी निघाले, सगळ्यांच्या देखत. काढलेले दाणे आँटींनी त्या दिवशीच्या पातेल्यात टाकले होते.

मुलांना मी पत्रं लिहीत नाही. आँटींना लिहिते, आणि त्या सांगतील तेवढं वाचते. तो मुलगा आता पाचवीत आहे. अजून आजीकडेच.