विंडोजच्या राइट-क्लिक मेनूत अ‍ॅडमिन कमांड टाकताय?

आधी रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात) जी शाखा बदलणार ती एक्सपोर्ट करून ठेवा, मगच हात लावा.

फोल्डरच्या मोकळ्या जागेवरचा मेनू हवा असेल तर रजिस्ट्रीच्या क्लासेस रूटमध्ये (HKEY_CLASSES_ROOT) डिरेक्टरी, बॅकग्राउंड, शेल इथवर जा आणि नव्या की-चं (रजिस्ट्रीतल्या फोल्डरचं) नाव 'रनअ‍ॅज' (runas) हेच ठेवा. या नावामुळेच विंडोज परवानगी विचारून कमांड वरच्या अधिकारानं चालवतं. दुसरं नाव दिलंत तर ती साध्या अधिकारातच उघडेल. ढालीचं चिन्ह हवं असेल तर 'हॅझएलयूएशील्ड' (HasLUAShield) नावाची रिकामी स्ट्रिंग घाला. अ‍ॅडमिन खिडकी बहुधा सिस्टम३२ मध्ये उघडते, म्हणून कमांडमध्ये त्या फोल्डरमध्ये नेणारं 'पुशडी' (pushd) आणि अवतरणचिन्हांत त्या फोल्डरचा पत्ता देणारं '%व्ही' (%V) हवंच. विंडोज ११ वर हे सगळं 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये दिसेल.

खरी काळजी पुढेच आहे. मेनूतून चालणारी स्क्रिप्ट डेस्कटॉप किंवा डाउनलोड्समध्ये अजिबात ठेवू नका. तिथली फाइल कुठलाही साधा प्रोग्रॅम बदलू शकतो, आणि तुम्ही 'येस' दाबलंत की त्याचा कोड अ‍ॅडमिन म्हणून चालतो. ती प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवा. सतत विचारतं म्हणून यूएसी (परवानगी विचारणारी विंडोजची सुरक्षा) बंद करायचा सल्ला कुणी दिला, तर कृपया ऐकू नका.

मॅप केलेले नेटवर्क ड्राइव्ह या खिडकीत बहुतेकदा दिसत नाहीत; तुमचं काही बिघडलेलं नाही.