पहिला कॉकर स्पॅनियल घेण्यापूर्वी

आपल्या भागात कारवानी कुत्रा पुष्कळांनी पाहिलेला असतो. तो नजरेने सावज हेरतो आणि वेगाने गाठतो. स्पॅनियलचे काम निराळे आहे. झुडपात दडलेले पक्षी वासावर शोधून बंदुकीच्या टप्प्यात उडवण्यासाठी इंग्लंडमध्ये कॉकर जोपासला गेला आणि वुडकॉक या पक्ष्याच्या शिकारीवरून त्याला हे नाव पडले. म्हणून रंकाळ्यावर फिरवताना तो गवताचा प्रत्येक पुंजका हुंगत राहिला, तर साखळीला हिसके देऊ नका. हुंगणे हीच त्याची खरी भूक आहे.

घेताना इंग्लिश की अमेरिकन, हे नीट विचारून घ्या. अमेरिकन केनेल क्लबने १९४६ साली या दोन वेगळ्या जाती मानल्या. अमेरिकनचे डोके अधिक गोल, तोंड आखूड आणि केस फार दाट असतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तेवढे केस राखणे कठीण जाते, म्हणून नवख्याला मी इंग्लिशच सुचवेन.

सर्वांत जास्त जपायचे ते कान. लांब, लोंबत्या कानांत हवा खेळत नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओल साचून राहते. माझ्या पहिल्या कुत्रीचे कान असेच फुटले; ती डोके सतत एका बाजूला कलते ठेवी आणि कान उचलताच आंबूस वास येई, पण त्याचा अर्थ कळायला मला आठवडा लागला. तेव्हापासून फिरून आल्यावर कान उलटे करून कोरड्या सुती कापडाने पुसण्याचा नेम मी मोडलेला नाही. कापसाची काडी मात्र आत घालू नका. पाण्यासाठी अरुंद तोंडाचे खोल भांडे ठेवा, म्हणजे पिताना कान बाहेर राहतात.