‘नाळे बर्तेन्री’ आणि सात वर्षांची वॉरंटी

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही निपाणीचे. गेल्याच्या आदल्या दिवाळीत कोल्हापूरला साडूंच्या ओळखीच्या दुकानातनं २५ लिटरचा गीझर घेतला, कार्डावर मशीनला २ वर्षं आणि टाकीला ७ वर्षं असं छापलंय. आता १४ महिन्यांत खालनं गळायला लागला. कस्टमर केअरला फोन केला तर कम्प्लेंट कोल्हापूरला गेली, कोल्हापूरवाला म्हणतो तुमचा पिनकोड कर्नाटकातला, आमच्यात येत नाही. मग बेळगावला गेली, तो म्हणतो घेतलाय महाराष्ट्रात तर तिकडंच बघा की. मग हुबळीवाल्याचा फोन, कानडीत ‘नाळे बर्तेन्री’, उद्या येतो म्हणून सांगितलं, आणि ते नाळे तीन आठवडे उजाडलंच नाही. शेवटी एक पोरगा आला, कव्हर काढलं, बोअरचं पाणी हार्ड आहे वॉरंटीत बसत नाही म्हणाला, व्हिजिटचे ४५० घेतले, मोबाइलवर आलेला कोड मागितला, मी दिला, गेला. संध्याकाळी मेसेज, तुमची तक्रार सोडवली आहे, धन्यवाद! गीझर गळतोयच. आमची मंडळी म्हणते आजोबांचा तांब्याचा बंब बरा होता. काय करावं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दादा, पहिल्यांदा त्या कोडचं बोलू, कारण तुमची केस तिथंच घसरलीय. बऱ्याच कंपन्यांत त्याला ‘हॅपी कोड’ म्हणतात, म्हणजे गिऱ्हाईक खूश झालं, काम संपलं, याची तुमची सही. पोरगा गोड बोलून मागतो, ‘सर तो नंबर सांगा, एंट्री करायची आहे’, आपण सांगून मोकळे होतो. तो आकडा सिस्टिममध्ये गेला की कंपनीच्या लेखी तुमचा गीझर ठणठणीत. त्या पोराचाही फार दोष नाही म्हणा, त्याला तक्रारीमागं पैसे मिळतात आणि दिवसात किती बंद केल्या ते वरचा साहेब बघतो, दुरुस्त किती झाल्या ते कोण विचारत नाही. पण पुढच्या वेळी गळती थांबल्याशिवाय कोड द्यायचा नाही. चहा द्या, पोहे द्या, कोड नको.

आमच्या घरी सोलरच्या वेळी हेच झालं होतं. मी स्वतः या विषयावर लिहिणारी बाई, आणि गच्चीवर कपडे वाळत घालता घालता फोनवर कोड सांगून टाकला, नंतर आठ दिवस गार पाण्यानं अंघोळ. त्यामुळं तुम्हाला हसत नाहीये.

आता ही तीन गावांची टोलवाटोलवी. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव ७५ च्या आसपास, हुबळी तर बेळगावच्याही पुढं शंभरेक. जवळचा माणूस लांबच्या माणसाकडं बोट दाखवतो आणि लांबचा नाळे म्हणतो! आपल्याकडं पूर्वी भुताला परत पाठवायला दारावर ‘नाळे बा’ लिहायचे ना, उद्या ये म्हणून, तसं आता सर्व्हिस सेंटरवाल्यांनी आपल्यालाच भूत समजून लिहून ठेवलंय. पण सीमा ही आपली डोकेदुखी, त्यांच्या वॉरंटीची नव्हे. कोणती फ्रँचायझी कुठला पिनकोड बघते हा कंपनीचा घरचा हिशोब आहे. तुमचं कार्ड काढा, चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचा. ‘घेतलेल्या राज्यातच सेवा’ असं तिथं लिहिलेलं नसेल तर तोंडी सांगितलेल्याला काडीची किंमत नाही. आणि लिहिलेलं असेल तर विकताना दुकानदारानं निपाणीचा पत्ता बिलावर घालून सांगितलं का नाही, हा प्रश्न त्याला विचारायचा. साडूंची ओळख आहे म्हणून संकोच करू नका, पैसे त्यानं घेतलेत, कंपनीबरोबर तोही उत्तर द्यायला बांधलेला आहे.

हार्ड पाण्याचं मात्र जरा थांबून ऐका, कारण ते अर्धं खरं असतं. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते तापवल्यावर कॉइलवर पांढरा थर बसतो, पातेल्याच्या बुडाला बसतो तसाच. थरामुळं कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि जाते. म्हणून थर्मोस्टॅट ६० च्या खाली, ५०-५५ वर ठेवा म्हणतात, त्याच्यावर थर भराभर बसतो. पण तुमची कॉइल गेलेली नाही, टाकी गळतीय! टाकीसाठी आत मॅग्नेशियमची एक काडी बसवलेली असते, अॅनोड रॉड म्हणतात मेकॅनिक, पाणी टाकीचा पत्रा खाण्याआधी ती काडी खातं. ती झिजून संपली की पाळी टाकीची. वर्षातनं एकदा काढून बघायची असते, हे विकताना कोण सांगतं? कोणीच नाही. तेव्हा त्या पोरानं काडी बघितली का, पाणी मोजलं का, का नुसतं बोट बुडवून निकाल दिला? आणि गळती टाकीतनंच आहे का खालच्या जोडातनं, सेफ्टी व्हॉल्व्हमधनं, तेही तपासायला पाहिजे. व्हॉल्व्हमधनं पाणी तापताना थेंब थेंब येणं हे कधी कधी बरोबरच असतं, दाब जास्त झाला की तो सोडतो. एवढ्यावरनं आपण टाकी फुटली म्हणून घाबरतो.

म्हणून आता असं करा. कंपनीच्या ईमेलवर (फोनवर नाही, फोनचं काही उरत नाही) सगळ्या कम्प्लेंट नंबरांसह लिहा, तारखा घाला, गळतीचा व्हिडिओ जोडा, बिल आणि कार्डाचे फोटो जोडा. काम न होता तक्रार बंद केली आहे हे स्पष्ट लिहा आणि दोन गोष्टी मागा : वॉरंटी नाकारण्याचं कारण लेखी, आणि ४५० रुपयांची पावती. गंमत बघा, लेखी द्या म्हटलं की निम्म्या वेळा हार्ड पाणी आपोआप सॉफ्ट होतं. पंधरा दिवसांची मुदत द्या. तोवर गीझरचा स्विच बंद, पाणी आणि वीज एकत्र आहे, हे सांगायला नको.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथं मराठीत बोलता येतं, कानडीतही, म्हणजे ‘हिंदीसाठी दोन दाबा’ करत बसायला नको. पण ते कोर्ट नव्हे, ते कंपनीकडं तक्रार पोचवून तडजोड बघतात, बऱ्याचदा तेवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. आणि इथं तुमच्यासाठी खरी चांगली गोष्ट आहे. पूर्वी समोरचा जिथला तिथं किंवा व्यवहार झाला तिथं जावं लागायचं, म्हणजे तुम्ही कोल्हापूरच्या वाऱ्या केल्या असत्या. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून तक्रार करणारा जिथं राहतो तिथंही केस घालता येते. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे बेळगावचा आयोग, आणि कोल्हापूरचा दुकानदार आणि कंपनी दोघांना तिथं बोलवायचं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील पाहिजेच असंही नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. अर्ज कानडी किंवा इंग्रजीत लिहून न्या, नाहीतर टेबलावर भाषेचाच वाद सुरू व्हायचा आणि गीझर राहायचा बाजूला. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत घालावी लागते, तेवढं लक्षात ठेवा. कायद्यात ३ महिन्यांत निकाल लिहिलाय, वस्तूची टेस्ट लागली तर ५. प्रत्यक्षात जास्त लागतो, खोटं कशाला सांगू.

आणि वैनींना सांगा, बंब विकू नका, पावसाळ्यात लाइट गेल्यावर तोच कामाला येतोय.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडात लीड्सला असते, त्यांनी तिथं घर घेतलंय. ऐन थंडीत घर तापवायचा बॉयलर बंद पडला, १० वर्षांची वॉरंटी असून कंपनी म्हणते एक वर्ष सर्व्हिसिंग चुकलंय, बसत नाही. तिथंही असंच का हो?
– एक आई, शहापूर, बेळगाव

उत्तर : तिथंही असंच, अक्का, फक्त ‘सॉरी’ म्हणून सांगतात. तिकडचा बॉयलर म्हणजे आपला गीझर नव्हे, गॅसवर चालतो, नळाचं पाणीही तापवतो आणि खोल्याखोल्यांतले रेडिएटरही. दरवर्षी सर्व्हिसिंग आणि त्याची नोंद ही बहुतेक वॉरंट्यांची अट असते, आणि ते काम गॅस सेफ रजिस्टरमधल्या, म्हणजे तिकडच्या गॅसवाल्यांच्या अधिकृत यादीतल्या इंजिनिअरनंच करायचं. तरी मुलीला सांगा, कंपनी नाही म्हणाली म्हणजे संपलं नाही. ज्यानं बॉयलर विकला आणि बसवला त्याची जबाबदारी तिकडच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं वेगळी असते, ती वॉरंटीच्या अटींवर अवलंबून नाही. सिटिझन्स अॅडव्हाइसवाले फुकट सल्ला देतात. आणि मेकॅनिक बोलवायच्या आधी दोन गोष्टी बघायला सांगा : दाबाचा काटा गार असताना १ ते १.५ बारच्या मध्ये आहे का, आणि बाहेर निघणारी प्लॅस्टिकची पाण्याची नळी बर्फानं बंद झालीय का. थंडीत ती गोठली की बॉयलर स्वतःच बंद पडतो. कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही. बॉयलरचं कव्हर मात्र जावईबापूंनी उघडायचं नाही, इंजिनिअर असले तरी.

प्रश्न : सोलरच्या दोन काचेच्या नळ्या फुटल्या, माकडांनी. काच वॉरंटीत नाही म्हणतात. खरं का?
– खानापूर

उत्तर : बहुतेक कार्डांवर तसंच असतं, आणि माकडांवर कंपनीचा इलाज नाही. नळ्या सुट्या मिळतात, मापाच्या आणून बसवून घ्या, पण सकाळी उन्हं चढायच्या आत. उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेलं तर नवीही तडकते, आणि मग माकडांना बोलता येणार नाही.