अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाचा अध्यक्ष कोण निवडतो? खेळाडूंना मत असते का?

नाही, खेळाडूंना थेट मत नसते. महासंघाशी संलग्न राज्य संघटना आपापले प्रतिनिधी पाठवतात आणि प्रत्येक राज्याला दोन मते असतात. त्यामुळे असंख्य ग्रँडमास्टर घडवणारे तमिळनाडू आणि जिथे बुद्धिबळ नुकतेच रुजू लागले आहे असे एखादे छोटे राज्य यांचे वजन मतपेटीपुरते सारखेच भरते. जानेवारी 2021 मधील निवडणुकीत संजय कपूर यांनी व्यंकटरामा राजा यांचा 33 विरुद्ध 31 मतांनी पराभव केला, म्हणजे एका राज्याची दोन मते फिरली असती तर निकाल उलटला असता. 2024 मध्ये मात्र नितीन नारंग बिनविरोध निवडून आले.

अध्यक्ष उत्तम खेळाडूच असावा, असा आग्रह मला पटत नाही. प्रायोजक मिळवणे, स्पर्धांचे वेळापत्रक पाळणे आणि पंच व प्रशिक्षकांचे मानधन वेळेवर देणे ही कामे पटावरील कौशल्याने होत नाहीत (तो खेळाडू असला तर बिघडत नाही, इतकेच). उमेदवाराने आपल्या राज्य संघटनेचे हिशेब कसे ठेवले, हे मतदारांनी आधी पाहावे.