‘४० पावरची गोयी’ आणि पोटन्सी

वाशिम जिल्ह्यातून विचारणा आहे : आमच्याकडे मेडिकलवर ‘गॅसची ४० पावरची गोयी द्या’ म्हणतात. औषधाच्या ‘पोटन्सी’ (potency) या इंग्रजी शब्दाला मराठीत हा ‘पावर’ चालेल का? शिवाय पेशीत गेल्यावर पोटन्सी बदलते असं वाचलं. पाकिटावर छापलेली पावर बदलेल कशी?

‘पावर’ चालणार नाही. तो आकडा मिलिग्रॅमचा, म्हणजे वजनाचा. पोटन्सी म्हणजे ठरलेलं काम किती थोडक्या औषधात होतं ते. फवारणीच्या एका औषधाचे पंपाला ५ मिली पुरतात आणि त्याच कामाला दुसऱ्याचे ३० लागतात, तर पोटन्सी पहिल्याची जास्त. गॅसच्या गोळ्यांतही तसंच : पँटोप्राझोलचे ४० मिलिग्रॅम आम्ल रोखण्यात ओमेप्राझोलच्या साधारण ९ मिलिग्रॅमइतकेच भरतात. मी ‘जोर’ हा शब्द सुचवेन. ‘प्रभाव’ नको, मात्रा कितीही वाढवली तरी जास्तीत जास्त किती परिणाम होतो, त्यासाठी तो राखावा. ‘वीर्य’ आयुर्वेदात उष्ण-शीत या अर्थाने आधीच रुळलेला आहे.

आता पेशीचं. वजन बदलत नाही, जोर बदलतो, कारण तो एकट्या औषधाचा गुण नव्हे. कर्करोगावरची बरीच औषधं किनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) ज्या जागी बसतात, तिथे एटीपीलाही (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूलाही) बसायचं असतं. चेंग-प्रुसॉफ यांच्या १९७३ च्या सूत्रानुसार, विकराचं काम निम्म्यावर आणणारी मात्रा (१ + एटीपी ÷ केएम) या पटीत वाढते. केएम म्हणजे विकर निम्म्या वेगाने चालायला लागणारं एटीपीचं प्रमाण. समजा ते १० मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) आहे. परीक्षानळीत एटीपीही १० ठेवलं तर पट २. पेशीत एटीपी २ मिलिमोलर, म्हणजे २,००० मायक्रोमोलर धरलं तर पट २०१. नळीत १० नॅनोमोलरमध्ये झालेल्या कामाला पेशीत सुमारे १,००० लागतील. म्हणून दोन औषधांचे आकडे शेजारी मांडताना दोन्हीकडे एटीपी किती होतं ते आधी बघावं. बहुतेक घोळ इथेच होतो. त्यात पेशी औषध बाहेर फेकत असेल, तर जोर आणखी उतरतो.

ओमेप्राझोलचं उलटं आहे. उदासीन द्रावणात ते जवळपास निष्क्रिय. जठरातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशींच्या सूक्ष्म नलिकांत सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र) १ च्या आसपास असतो. तिथे ते साठतं, रूप बदलतं आणि आम्लाच्या पंपाला पक्कं चिकटतं. पण चालू पंपालाच, आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून गोळी जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायची.

तेव्हा नुसतं ‘पोटन्सी जास्त’ असं लिहू नये. ‘नळीतला जोर’ की ‘पेशीतला जोर’, ते सोबत लिहावं.